बत्तीस किलोंचं बाळ

ऑफिसमधून घरी आल्यावर तुमचं स्वागत कसं होतं? आमच्याकडे दार उघडलं की आधी एक ओलं नाक दिसतं. मग दोन पंजे थेट खांद्यावर. मग लॅपटॉपची बॅग एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि आपण तिसरीकडे. म्हणजे, परवा-परवापर्यंत असं व्हायचं. ‘अय्या, किती मिस केलं त्यानं तुला!’ म्हणणारे मित्रमैत्रिणी सहसा जीन्स घालून आलेले असायचे. पांढरा कुर्ता घालून आलेली मैत्रीण दुसऱ्यांदा आली नाही. स्वानुभव आहे बॉस.

तर हा आमचा बंड्या. लॅब्रॅडॉर, वय पावणेदोन वर्षं, वजन बत्तीस किलो. कागदोपत्री नाव ड्यूक. पण ड्यूक हे नाव आमच्या कोथरूडच्या टू-बीएचकेत चार दिवसही टिकलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं सासूबाईंची कोरी करकरीत कोल्हापुरी चप्पल फस्त केली आणि त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हा कसला ड्यूक? हा तर बंड्या!’’ झालं, बारसं उरकलं.

लहानपणी सगळंच गोड होतं हो. सात किलोचं पिल्लू अंगावर उडी मारतं तेव्हा आपण त्याला उचलून पापा घेतो. बोटं चावतं तेव्हा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो. वीस किलोचं झाल्यावर तोच प्रकार जरा जड जातो. आणि तीस किलोला..

गेल्या वर्षी श्रावणात, सकाळी सातला, मी त्याला फिरवून आणत होते. लिफ्ट उघडली आणि आतून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. एका हातात फुलांची परडी, दुसऱ्या हातात पिशवी. बंड्याला काकू फार आवडतात, कारण पिल्लू असताना त्या त्याला रोज मांडीवर घ्यायच्या. त्यानं नेहमीच्या प्रेमानं उडी मारली. माझ्या हातातली लीश हिसका बसून सुटली. काकू मागच्या मागे पडल्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

तो चावला नव्हता, गुरगुरला नव्हता. उलट पडलेल्या काकूंचं तोंड चाटत उभा होता, शेपूट हलवत. मला तर रडायलाच यायला लागलं.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग. विषय अर्थातच आम्ही. नवरा जय्यत तयारीत. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचं प्रिंटआऊट काढून, हायलायटर मारून. सोसायटीला कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असं सांगता येत नाही, वगैरे. सगळं बरोबर होतं. पण समोर काकू गळ्यात झोळी बांधून बसलेल्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, त्याला काढून टाका असं मी म्हणतच नाहीये. पण मला आता लिफ्टची भीती वाटते गं.’’

नवऱ्यानं प्रिंटआऊट घडी करून खिशात घातलं.

घरी आल्यावर दोन दिवस ‘फार्महाऊस’ हा शब्द हवेत होता. मोठा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत एक फार्महाऊसवाला असतोच. मुळशीला, नाहीतर पानशेतला. ‘तिकडे मोकळा राहील रे, मजा करेल!’ मोकळा वगैरे काही राहत नाही. माणसांच्या गराड्यात वाढलेला कुत्रा तिथे गेटजवळ साखळीला बांधला जातो आणि मालक महिन्यातून एकदा येतो. मी तो विषय बंद केला. पण खरं सांगते, एका रात्री मीही त्या मित्राचा नंबर काढून बघत बसले होते.

नंतर कळलं की या वयात हात टेकणारे आम्ही एकटे नव्हतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याला आठव्या-नवव्या महिन्यात अंगानं जवळपास पूर्ण वाढ आलेली असते आणि डोकं मात्र नववीतल्या मुलाचं. टीनएज! न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे चक्क मोजून दाखवलं. पाच महिन्यांचं पिल्लू मालकानं ‘बस’ म्हटलं की बसायचं, तेच आठ महिन्यांचं झाल्यावर काणाडोळा करायचं. गंमत म्हणजे परक्या माणसाचं मात्र तेव्हाही ऐकायचं. म्हणजे घरोघरी मातीच्या चुली, आणि त्यात आई-बाबाच अडाणी. ही फेज जाते, हे तेव्हा कुणी मला सांगायला हवं होतं.

त्याऐवजी आमच्याकडे आला ट्रेनर नंबर एक. ‘महिनाभरात कुत्रा सरळ करतो’ ही गॅरंटी. त्यानं बंड्याच्या गळ्यात चोक चेन घातली, झटका दिला, बंड्या केकाटला आणि बसला. ‘‘बघा मॅडम, तुम्ही अल्फा झालं पाहिजे. आधी तुम्ही जेवायचं, मग तो. दारातून आधी तुम्ही, मग तो. सोफ्यावर चढला तर उलथा पाडायचा.’’ तिसऱ्या दिवशी ट्रेनरची बाइक वाजली की बंड्या बेडखाली. बत्तीस किलोंचा कुत्रा बेडखाली कसा मावतो हे बघण्यासारखं होतं, पण हसू आलं नाही. त्या गृहस्थांना फी देऊन नमस्कार केला.

हा ‘अल्फा’ प्रकार आला कुठून, हे मी मग शोधलं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे, त्यांच्यात होणारी मारामारी, आणि त्यातून वर आलेला ‘बॉस’. अमेरिकेत डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ही कल्पना घराघरांत पोचवली. पुढे याच मेकसाहेबांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. तिथे कळपाचे प्रमुख म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, आई आणि बाबा. बाकीची त्यांची पोरं. १९९९ मध्ये त्यांनी स्वतःच लेख लिहून सांगितलं की ‘अल्फा’ हा शब्द इथे गैरलागू आहे. एवढं करूनही पुण्यातले ट्रेनर अजून १९७० मध्येच आहेत. शिवाय बंड्या लांडगा नाही हो. त्याचे पूर्वज न्यूफाऊंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करायचे, मग इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेली बदकं तोंडात धरून आणायचे. दिवसभर पळायचं, पाण्यात उड्या मारायच्या, मिळेल ते तोंडात धरायचं आणि माणसाला आणून द्यायचं. या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला प्राणी आपण सहाशे स्क्वेअर फुटांत आणतो, सकाळी पंधरा मिनिटं खाली नेतो, आणि मग विचारतो, हा चप्पल का धरतो तोंडात?

दुसरी ट्रेनर आली ती तिशीची मुलगी, कमरेला खाऊचा बटवा. तिनं तासभर बंड्याकडे पाहिलंच नाही, आमच्याकडेच पाहिलं. मग म्हणाली, ‘‘त्याला उड्या मारायला तुम्हीच शिकवलंय.’’ मी म्हटलं, ‘‘आम्ही? आम्ही तर रोज ओरडतो!’’ तिचं उत्तर होतं, ‘‘तेच तर त्याला हवं असतं.’’

फंडा एकदम सोपा आहे. ज्या गोष्टीचा फायदा होतो ती गोष्ट कुत्रा पुन्हा करतो. फायदा म्हणजे फक्त बिस्किट नाही. आपण त्याच्याकडे बघतो, हातानं ढकलतो, ‘नो बंड्या नो’ म्हणून किंचाळतो, हे सगळं त्याच्या लेखी फुल टाइमपास. तेव्हा उडी मारली की पाठ फिरवायची, हात छातीशी घ्यायचे, बोलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. आणि चारही पाय जमिनीला टेकले, की त्याच सेकंदाला ‘शाब्बास’, खाऊ आणि लाड. ‘त्याच सेकंदाला’ हे महत्त्वाचं. खिशात हात घालून पुडी सोडेपर्यंत त्यानं दुसरी उडी मारलेली असते, आणि आपण नेमकं त्या उडीचं बक्षीस देतो.

पुढची स्टेप म्हणजे त्याला पर्याय देणं. ‘उडी मारू नको’ हे कुत्र्याला कळत नाही. ‘बस’ हे कळतं. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, सिंपल. म्हणून माणूस दिसला की बसायचं, हीच त्याची सवय करून टाकायची. आधी घरात, मग दारात, मग जिन्यात, मग खाली पार्किंगमध्ये. घरात जमलं म्हणजे रस्त्यावर जमेल असं नाही. त्याच्यासाठी प्रत्येक जागा नवा पेपर असतो.

इथे आमची खरी फजिती झाली. मी म्हणायची ‘सिट’, नवरा म्हणायचा ‘सिट डाऊन, डाऊन!’ आणि सासूबाई म्हणायच्या, ‘बस रे माझ्या राजा.’ एका कामासाठी तीन शब्द. बिचारा आळीपाळीनं तिघांकडे बघायचा. शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला: बस, थांब, सोड, चल. चारच शब्द, सगळ्यांसाठी तेच. सासूबाईंना ‘राजा’ची परवानगी दिली, पण शब्दाच्या नंतर.

आणि मग आला तो भयंकर आठवडा. आपण दुर्लक्ष करायला लागलो की उड्या आधी कमी होत नाहीत, वाढतात. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? लगेच जिना चढायला लागतो का? छे, दहादा दाबतो, जोरात दाबतो. बंड्यानं तेच केलं. उड्या, भुंकणं, माझ्या ओढणीला लोंबकळणं. बहुतेक लोक नेमके इथेच ‘हे काही होत नाही’ म्हणून सोडून देतात. वाईट म्हणजे, अकराव्या वेळी वैतागून लक्ष दिलं की तो शिकतो, ‘अच्छा, म्हणजे अकरा उड्या मारायच्या!’ कधीमधी मिळणारं बक्षीस ही सगळ्यात चिवट सवय लावतं. लॉटरीवाल्यांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. त्यामुळे घरातल्या एकानं जरी (मी नाव घेत नाही, पण तो माझा नवरा आहे) ‘असू दे गं, आजच्या दिवस’ म्हटलं, की पंधरा दिवस पाण्यात.

दहाव्या-अकराव्या दिवशी मी दार उघडलं. बंड्या धावत आला, पुढचे पाय उचलले, हवेतच थबकला आणि धपकन खाली बसला. शेपूट फरशी पुसत होती, अख्खं अंग थरथरत होतं, पण बसला होता. मी बूट घालूनच जमिनीवर बसकण मारली.

लीश ओढण्याचं काम जास्त वेळखाऊ. मोठा कुत्रा ओढतो कारण ओढल्यावर तो जिथे जायचं तिथे पोचतो. म्हणजे पुन्हा फायदा. उपाय: लीश ताणली की झाड व्हायचं. जागीच उभं. ढिली झाली की चालायचं. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत जायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. वॉचमनकाकांनी विचारलं, ‘‘मॅडम, तब्येत बरी आहे ना?’’ छातीपाशी हूक असलेला हार्नेस घेतला, त्यानं बरीच मदत झाली. ओढलं की कुत्रा आपोआप आपल्याकडे वळतो. गळ्यावर ताणही येत नाही. आणि हो, त्याला वास घेऊ द्या. प्रत्येक खांबापाशी नाक लावणं हे त्याचं पेपरवाचन आहे. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेला कुत्रा तासभर फरपटत नेलेल्या कुत्र्यापेक्षा छान दमतो.

‘दमवायला’ म्हणून सात-आठ महिन्यांच्या मोठ्या कुत्र्याला रोज आपल्याबरोबर पाच किलोमीटर जॉगिंगला नेणाऱ्यांनो, प्लीज थांबा. मोठ्या जातींची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, आणि लॅब किंवा जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचं दुखणं तसंही बरंच दिसतं. उन्हाळ्यात तर डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघा. नाही सोसवला तर त्याचे पंजेही घरीच ठेवा. आम्ही एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत परत येतो. शनिवारी उठणं जिवावर येतं, पण काय करणार?

चावण्याच्या बाबतीत थोडी दया दाखवा. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात. हिरड्या शिवशिवतात, मग कोल्हापुरी जाते. त्या काळात मारझोड न करता चप्पल कपाटात आणि रबराचं खेळणं तोंडात, एवढंच. आम्ही आत थोडं दही भरून फ्रीझरमध्ये ठेवायचो. तो तासभर चाटत बसायचा आणि मी तेवढ्यात एक कॉल उरकायची.

ओट्यावरचं पळवणं हे मात्र आमच्याकडे अजून पूर्ण सुटलेलं नाही. लॅब जन्मतःच भुकेला असतो हा विनोद नाही. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये साधारण चारातल्या एका लॅबमध्ये असा जनुकीय बदल सापडला, ज्यामुळे भूक आणि वजन दोन्ही वाढतं. बंड्याची टेस्ट केलेली नाही. गरजही नाही, गणपतीतले सतरा मोदक हा पुरावा पुरेसा आहे. इथे ट्रेनिंगपेक्षा ओटा रिकामा ठेवणं हाच खरा इलाज, कारण एकदा मोदक मिळाला की त्याचं बक्षीस त्यानं स्वतःच घेतलेलं असतं. आणि चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा या गोष्टी कुत्र्याच्या पोटात गेल्या तर थेट डॉक्टरच गाठावा लागतो. बेदाणे आहेत म्हणून आमच्याकडे शिरा आता वरच्या कपाटात लपवतात.

बरं, आपण घरी येतो, पसारा बघतो, ओरडतो आणि तो कान पाडून, नजर चोरून कोपऱ्यात जातो. ‘बघ, त्याला कळतंय काय केलंय ते!’ नाही कळत. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याचा छान प्रयोग केला. मालक रागावला की कुत्रे तो चेहरा करतात, त्यांनी काही केलेलं असो वा नसो. तो पश्चात्ताप नाही, आपल्या आवाजाची भीती आहे. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीबद्दल आता ओरडणं म्हणजे मार्चच्या अप्रेझलमध्ये जूनच्या ई-मेलवरून झापणं.

बेल वाजली की भुंकणं यावर चटईचा उपाय चालला. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, अगदी हळू वाजवायचा, चटईवर बसला की खाऊ. रोज आवाज थोडा मोठा. तीन आठवड्यांनी खरी बेल वाजली की साहेब चटईकडे पळायला लागले. दिवसभरात चार पार्सलं येतात, त्यामुळे रिव्हिजनही आपोआप होते.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. कुत्रा गुरगुरला तर गुरगुरण्याबद्दल मारू नका. ती त्याची वॉर्निंग आहे. वॉर्निंग बंद पाडली तर पुढच्या वेळी तो थेट चावेल. शांत कुत्रा अचानक चिडका झाला, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टरला दाखवा. बऱ्याचदा कुठेतरी दुखत असतं.

काकूंचं प्लास्टर निघालं त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, तुमची हरकत नसेल तर थोडी प्रॅक्टिस हवी आहे, तुमच्याबरोबर. नाही म्हणाल्या असत्या तर चाललं असतं, खरंच. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘लांबून चालेल का?’’

पहिल्या दिवशी काकू पार्किंगच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. लीश मनगटाला दुहेरी गुंडाळण्याचा मोह होतो, तो टाळा, पडलात तर हात अडकतो. मी तिचं टोक नीट मुठीत धरलं होतं. बंड्यानं काकूंना बघितलं, अंग वळवळलं, मी म्हटलं ‘बस’. बसला. काकूंनी लांबून पोळीचा तुकडा टाकला. रोज दोन-तीन पावलं पुढे. कधी तो उठायचा, मग आम्ही मागे जायचो, पुन्हा सुरुवात. एकदा काकूंनीच हात मागे घेतला आणि घरी गेल्या. त्यानंतर चार दिवस आम्ही गेलोच नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच बेल वाजवली, ‘‘आज यायचं नाही का?’’

आता लिफ्टमध्ये एकत्र जातो आम्ही. बंड्या कोपऱ्यात, माझ्या पायाला चिकटून, बसलेला. काकूंचा एक हात कठड्यावर घट्ट असतो, अजूनही. दुसऱ्या हातात पोळी. फ्रिजवरचे चार शब्द त्यांना मान्य नाहीत, त्या म्हणतात ‘शहाणं बाळ’, आणि हा पठ्ठ्या त्यावर माझ्या ‘बस’पेक्षा लवकर बसतो. पोळीला तूप लावू नका हे मात्र मला अजून सांगता आलेलं नाही. गेल्या आठवड्यात वजन केलं, तेहतीस भरलं.